वार्षिकांकातील आठ पाने : यवतमाळचे तरुण लेखक आणि मनाचे आरोग्य

गेल्या चार दशकांत महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांविषयी सर्वाधिक लिहिले गेले, त्यांत यवतमाळचा क्रमांक बराच वरचा लागेल. मात्र या प्रचंड लिखाणातील फारच थोडा भाग जिल्ह्यातील तरुणांच्या हातचा आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले आणि ही राज्यातील पहिली नोंदलेली शेतकरी आत्महत्या मानली जाऊ लागली, तेव्हापासून या जिल्ह्यात पत्रकार, संशोधक, चित्रपटकार आणि पुढारी यांची रीघ लागली. २००८ साली मारेगाव तालुक्यातील जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचे नाव थेट लोकसभेत घेतले गेले, आणि २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले तेव्हा कॅमेरे पुन्हा एकदा शासकीय रुग्णालयाच्या दारात उभे राहिले. या साऱ्या वार्तांकनात अठरा-वीस वर्षांची मुले-मुली दिसतात खरी, पण ती मृताचा मुलगा, विधवेची मुलगी, शिक्षण सुटलेला भाऊ अशा नात्यांपुरतीच. त्यांना रात्री झोप लागते का, परीक्षेची धास्ती वाटते का, आपल्या शरीराविषयी आणि प्रेमाविषयी प्रश्न पडतात का, हे कोणी विचारलेले नसते आणि त्यांनी आपणहून सांगावे अशी जागाही क्वचितच उपलब्ध असते.

अशी जागा म्हणजेच तरुणांचे स्वास्थ्यविषयक नियतकालिक. येथे स्वास्थ्य हा शब्द केवळ रोग नसणे या अर्थाने घ्यावयाचा नसून शरीर, मन आणि माणसामाणसांतील संबंध या तिन्हींची बरी स्थिती असा त्याचा व्यापक अर्थ आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही हाच अर्थ गृहीत धरलेला दिसतो, कारण १० ते १९ या वयोगटासाठी आखलेल्या या कार्यक्रमात पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा व हिंसाचार, व्यसने आणि मधुमेह-रक्तदाबासारखे असंसर्गजन्य आजार असे सहा विषय एकत्र गुंफलेले आहेत. अशा नियतकालिकात डॉक्टरांचे लेख असू शकतात, पण त्याचा कणा म्हणजे तरुणांनी स्वतः लिहिलेले अनुभव, कविता, कथा, त्यांनी काढलेली चित्रे, छायाचित्रे आणि चित्रमालिका हाच असतो. आणि ते सर्वसमावेशक ठरते ते त्यात कोणकोणते विषय आले यावरून नव्हे, तर कोणाकोणाला लिहिता आले यावरून.

या वयाचा विचार स्वतंत्रपणे का करावा, याला ठोस आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार १० ते १९ वयोगटातील दर सात जणांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, आणि भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये असे विकार आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांपैकी १,७६४ एकट्या महाराष्ट्रातील होते. हा आकडा राज्यांमध्ये सर्वांत मोठा होता. शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत विद्यार्थ्यांचा हा वेगळा प्रश्न झाकला जातो, वस्तुतः यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो शेतकरी आणि तो विद्यार्थी पुष्कळदा एकाच घरात राहत असतात.

मराठीत या प्रकारच्या लेखनाला परंपरा नाही असे समजणे चुकीचे ठरेल. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत सुरू केलेले आणि १९५३ साली त्यांच्या निधनापर्यंत चिकाटीने चालवलेले 'समाजस्वास्थ्य' हे मासिक या परंपरेचे आद्यपीठ म्हणावे लागेल. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शिक्षण या विषयांवर कर्वे निर्भीडपणे लिहीत, परंतु मासिकाचा सर्वांत जिवंत भाग होता तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा, कारण ज्या शंका घरात, शाळेत किंवा डॉक्टरासमोर उच्चारता येत नसत त्या लोक पोस्टाने पाठवीत आणि कर्वे त्यांना छापील, सरळ उत्तर देत. अशाच उत्तरांवरून, ज्यांत हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीचे प्रश्न होते, १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटल्यात हार झाली, दंड झाला, तरी मासिक बंद पडले नाही. अजित दळवी यांनी याच विषयावर लिहिलेले नाटक अतुल पेठे यांनी २०१७ साली रंगभूमीवर आणले, यावरून हा प्रश्न अजून शिळा झालेला नाही हे उघड आहे. कर्व्यांच्या मासिकाची एक मर्यादा मात्र नमूद केली पाहिजे, ती अशी की प्रश्न वाचकांचे असले तरी लेखणी बहुतांशी एकट्या संपादकाच्या हातात होती.

लेखणी मुलांच्या हातात देण्याची दुसरी परंपरा शाळा आणि वसतिगृहे यांतून आली. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत आणि पुढे त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही चालवले. 'साधना' हे त्यांचे १९४८ सालचे साप्ताहिक सर्वपरिचित असले तरी त्याची पाळेमुळे या हस्तलिखितातच आहेत. पुढे मराठी शाळांमध्ये हस्तलिखित अंक आणि भित्तिपत्रक, म्हणजे वर्गाबाहेरच्या फळ्यावर चिकटवलेले मुलांचे वर्तमानपत्र, ही प्रथा इतकी रुजली की तिच्याकडे कोणी वाङ्मयप्रकार म्हणून पाहिलेच नाही. १९७१ पासून निघणारे बालभारतीचे 'किशोर' मासिक आणि गडचिरोलीच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या प्रेरणेने चालणाऱ्या 'निर्माण' या युवा उपक्रमाचे 'सीमोल्लंघन' हे वार्तापत्र ही याच वाटेवरची निरनिराळी वळणे आहेत. 'सीमोल्लंघन'चा उल्लेख येथे विशेष उपयोगी पडतो, कारण त्यात तरुण आपल्या कामाविषयी आणि गोंधळाविषयी स्वतःच लिहितात, आणि गडचिरोली यवतमाळपासून फार लांब नाही.

स्वतः यवतमाळलाही छापील शब्दाचे वावडे कधी नव्हते. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली येथूनच 'लोकमत' हे साप्ताहिक सुरू केले होते, आणि अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात दोनदा भरले, १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. तरीही आजच्या अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आपले नाव पहिल्यांदा छापलेले दिसते ते संमेलनाच्या स्मरणिकेत नव्हे, तर महाविद्यालयाच्या वार्षिकांकात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येणाऱ्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत महाविद्यालये शेकड्यांनी आहेत, आणि वर्षाकाठी एक अंक काढण्याची रीत त्यांतील बहुतेकांनी आजवर सांभाळली आहे. तरुणांचे सर्वसमावेशक नियतकालिक ही कल्पना एखाद्याला परकी वाटत असेल, तर त्याने आपल्या गावच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन वार्षिकांकांचा गठ्ठा सोडून पाहावा. आराखडा तेथे तयारच आहे, फक्त त्यातील मजकूर बदलायचा आहे.

हा आराखडा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. प्रारंभी संस्थाध्यक्षांची व प्राचार्यांची मनोगते, मग संपादकीय, त्यानंतर मराठी, हिंदी, इंग्रजी आणि क्वचित संस्कृत व उर्दू असे भाषावार विभाग, मध्येच गुळगुळीत कागदावर पाहुण्यांच्या स्वागताची रंगीत छायाचित्रे, गुणवंतांचे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि शेवटी राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा व इतर समित्यांचे अहवाल, असा साधारण क्रम असतो. विद्यार्थ्यांच्या वाट्याला जी पाने येतात त्यांत आई, शेतकरी बाप, लेक वाचवा, मोबाइलचे दुष्परिणाम आणि मैत्री या विषयांची सत्ता चालते. यांतील शेतकरी बापावरची कविता हा तर विदर्भातील वार्षिकांकांचा एक स्थायी विभागच झाला आहे. फाटका सदरा, भेगाळलेली टाच, आभाळाकडे लागलेले डोळे आणि शेवटच्या कडव्यात दोर. ज्या मुलाने हे प्रत्यक्ष घरात पाहिले आहे तोही लिहायला बसला की तयार साच्यातीलच शब्द उचलतो, कारण बक्षीस त्याच साच्याला मिळालेले त्याने पाहिलेले असते. त्याच मुलाला बापाच्या मागे कर्ज कोणी फेडायचे याची भीती वाटते, आईवर कधी रागही येतो, वसतिगृहात मित्र हसत असताना आपणही हसलो याची लाज वाटते. हे सारे साच्यात बसत नाही आणि म्हणून कागदावर उतरत नाही. स्वास्थ्याचे नियतकालिक साहित्याच्या नियतकालिकापेक्षा वेगळे ठरते ते नेमके याच ठिकाणी. तेथे चांगली कविता मागायची नसते, खरी नोंद मागायची असते, आणि गंमत अशी की खरी नोंद मागितली की चांगली कविताही अधूनमधून हाती लागते.

लिहिणारे कोण, या प्रश्नाचे उत्तर यवतमाळात भाषेपासून सुरू करावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार लोकसंख्येचा आणि सोळा तालुक्यांचा हा जिल्हा एका भाषेचा नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या भागांतील तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, वणी या पूर्वेकडील तालुक्यांत कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कोलामी आणि गोंड गावांत गोंडी ऐकू येते. पारधी, आंध आणि इतर समाजांची बोली निराळी. आणि सगळ्यांना कवेत घेणारी वऱ्हाडी आहेच. गोरमाटी ही हिंदी-राजस्थानी कुळातील, तर कोलामी आणि गोंडी या तेलुगू-तमिळच्या द्रविड कुळातील भाषा असल्याने, कोलामी घरातील मुलगी शाळेत येते तेव्हा तिच्यासाठी प्रमाण मराठी ही शेजारची बोली नसून जवळजवळ परभाषा असते. दुःख, भीती, लाज यांचे शब्द माणूस आईच्या भाषेत शिकतो. ते दुसऱ्या भाषेत लिहिताना तो शुद्धलेखनाच्या चिंतेत पडतो आणि अनुभवाचा जोर ओसरतो. शंकर बडे यांनी वऱ्हाडीत कविता आणि 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग सादर करून ही बोली व्यासपीठावर सन्मानाने उभी केली, आणि विदर्भातील आदिवासी कवी भुजंग मेश्राम यांनी 'उलगुलान' या संग्रहातून आदिवासी बोलींचे शब्द मराठी कवितेत बेधडक आणले, ही उदाहरणे जवळची असूनही वार्षिकांकाचे भाषाविभाग अद्याप मराठी-हिंदी-इंग्रजीतच अडकलेले आहेत. गोरमाटी किंवा कोलामी मजकूर देवनागरीत जसा उच्चारला तसा छापावा आणि खाली दोन ओळींत मराठी आशय द्यावा, इतकी साधी सोय केली तरी लिहिणाऱ्यांची यादी बदलून जाईल.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायचे नसते त्यांच्यासाठी चित्र आणि प्रयोग आहेत. बंजारा भरतकामातील कवड्या, आरसे आणि चौकटीचे टाके, होळीची लेंगी गीते, पूर्व भागातील दंडार हे लोकनाट्य, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांदेमळणीची तयारी, हे सारे तरुण हातांत अजून आहे आणि मुखपृष्ठापासून चित्रमालिकेपर्यंत कोठेही वापरता येण्यासारखे आहे. कला ही येथे लेखाची सजावट म्हणून येऊ नये, एवढे मात्र संपादकाने पाहावे. आपली चिंता कशी दिसते असे विचारल्यावर एखाद्या मुलाने निव्वळ काळ्या पेनने भरलेले पान दिले, तर तो त्याचा लेखच आहे.

अनुभव सांगणाऱ्याच्या हाती व्यासपीठ आले की काय घडते याचे या जिल्ह्यातील सर्वांत बोलके उदाहरण तरुणांचे नसून तरुण विधवांचे आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींनीच भूमिका केल्या. तेराव्या दिवसाच्या विधीनंतर पाहुणे निघून जातात आणि बाईचे खरे दिवस सुरू होतात, हा त्याचा गाभा. या नाटकातील एक कलावंत, जिल्ह्यातील राजूर येथील वैशाली येडे यांना २०१९ च्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन करण्याचा मान मिळाला. या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेल्यामुळे उद्भवलेल्या वादातून ही निवड झाली होती, हे खरे आणि ते विसरूही नये; परंतु त्या दिवशी मांडवातील हजारो लोकांनी आत्महत्येविषयी जे ऐकले ते प्रथमच घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकले. नंतर येडे यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली. सहानुभूतीचा विषय असलेली व्यक्ती वक्ता झाली की ऐकणाऱ्यांची नजर बदलते, त्याहून अधिक तिची स्वतःची बदलते, असा या घटनेचा अर्थ लावता येतो.

लिहिण्याने मन हलके होते हा समज सार्वत्रिक आहे, आणि संशोधनाने त्याला काही अंशी दुजोरा दिला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक प्रसंगाविषयी. दुसऱ्या गटातील ज्या विद्यार्थ्यांनी घटनेबरोबर भावनाही लिहिल्या त्यांना लगेच तर वाईटच वाटले, मात्र पुढील काही महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या कमी झाल्या. या पद्धतीला अभिव्यक्ती-लेखन म्हणतात. नंतरच्या शेकडो अभ्यासांतून तिचा परिणाम माफक असल्याचे दिसून आले आहे, म्हणून ती उपचाराची जागा घेऊ शकत नाही. शिवाय पेनेबेकर यांच्या विद्यार्थ्यांचे लेखन गोपनीय होते, छापायचे नव्हते. खासगी वहीत लिहिणे आणि गावाने वाचावे म्हणून लिहिणे या दोन भिन्न कृती आहेत, आणि उत्साही संपादक जिथे चुकतात ती जागा हीच. ज्याने लिहिले त्याने छापलेच पाहिजे असे नाही. पन्नास जणांनी वहीत लिहावे आणि त्यांतील पाच जणांनी पूर्ण विचारांती अंकाला द्यावे, हे प्रमाण निरोगी समजावे.

आत्महत्येविषयीचे लेखन हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग असून यवतमाळात तो टाळताही येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली दाखवून दिले की आत्महत्येच्या बातमीला ठळक प्रसिद्धी मिळाली की पाठोपाठ आत्महत्यांचे प्रमाण वाढते. १७७४ सालच्या ग्योथेच्या कादंबरीतील नायकावरून त्यांनी याला 'वेर्थर परिणाम' असे नाव दिले. व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेतील आत्महत्यांची वर्णने वर्तमानपत्रांतून सतत येत असत. १९८७ साली पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना तयार झाल्या, वर्णने आटली आणि अशा घटनांत लक्षणीय घट झाली. त्याच शहरातील संशोधकांनी २०१० मध्ये उलट बाजूही मांडली, ती अशी की ज्याने टोकाचा विचार केला पण मदत घेऊन तो त्यातून बाहेर पडला अशा माणसाची कहाणी छापली, तर ती संरक्षक ठरते. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या संगीतिकेतील पापागेनो या पात्राला ऐन वेळी तीन बालके दुसरा मार्ग दाखवतात, त्यावरून याला 'पापागेनो परिणाम' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये स्वीकारलेली तत्त्वे हीच आहेत : बातमी ठळक जागी व पुनःपुन्हा देऊ नये, पद्धत आणि ठिकाण यांचे वर्णन करू नये, भडक मथळा टाळावा, एकच कारण ठोकून देऊ नये आणि मदतीचा क्रमांक द्यावा.

ही तत्त्वे वार्षिकांकाच्या टेबलावर आणली की काय होईल ते पाहणे उद्बोधक आहे. समजा, द्वितीय वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीने वडिलांवर कविता दिली आणि तिच्या अखेरीस विषाच्या डब्याचे नाव, गोठ्यातील जागा आणि वेळ आली; रूढ वळणाचा संपादक एक तर ती कविता जशीच्या तशी छापून शेजारी झाडाला टांगलेल्या दोराचे रेखाचित्र टाकील, किंवा विषय नको म्हणून बाजूला ठेवील. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. तिच्याजवळ बसून पद्धतीचा तपशील का वगळायचा हे समजावून सांगणे, त्या ओळींच्या जागी वडील गेल्यानंतरची पहिली सकाळ, शेजाऱ्यांनी आणलेला डबा किंवा बंद पडलेली शिकवणी असे तिला आठवणारे काही आणता येईल का हे विचारणे, तिला स्वतःला कोणाशी बोलावेसे वाटते का याची चौकशी करणे आणि अंक निघाल्यावर आठवड्याभराने पुन्हा विचारपूस करणे, असे या संपादनाचे स्वरूप असते. हे काम एकट्या मराठीच्या प्राध्यापकावर टाकणे अन्यायाचे होईल. यवतमाळात समाजकार्य शिकवणारी महाविद्यालये आहेत आणि श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, तेव्हा संपादक मंडळात एक समाजकार्यकर्ता आणि एक मानसोपचारतज्ज्ञ असणे अशक्यप्राय नाही.

नावाचा प्रश्नही याला लागूनच येतो. लहान गावात टोपणनाव पुरत नाही, कारण गाव, आडनाव नसले तरी वडिलांचे वय आणि शेताची दिशा एवढ्यावरूनही लोक माणूस ओळखतात. म्हणून तपशील बदलण्याची मुभा लेखकाला असावी आणि शेवटच्या क्षणापर्यंत मजकूर मागे घेण्याचा अधिकारही असावा. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याने मनाई आहे, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही. अकरावी-बारावीची मुले अठरा वर्षांखालची असल्याने पालकांची संमती घ्यावी लागते, आणि येथे एक खरी अडचण उभी राहते, कारण काही मुलांच्या त्रासाचे कारणच घर असते. अशा मुलांचे लेखन छापण्यापेक्षा त्यांना मदतीपर्यंत पोहोचवणे अगत्याचे, असा निर्णय संपादकाने वेळीच घ्यावा. समलिंगी किंवा पारलिंगी तरुणांच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट लागते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्यांनी या विषयावर मराठीत विपुल लेखन केले असले, तरी तालुक्याच्या गावी आपली ओळख छापील पानावर उघड होणे म्हणजे घर सुटणे असा अर्थ अजूनही होऊ शकतो.

समावेशाची आणखी एक बाजू अगदी तांत्रिक आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे मराठीतील ब्रेल पाक्षिक सुरू केले, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील मोठी घटना होय. पण प्रत्येक महाविद्यालयाला ब्रेल छापणे परवडणारे नाही. त्यांना सहज करता येण्याजोगी गोष्ट अक्षरांची आहे. जिल्ह्यातील डीटीपी केंद्रांवर अजूनही पुष्कळ मजकूर युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये जुळवला जातो. हा मजकूर डोळ्यांना मराठी दिसत असला तरी संगणकाच्या आत तो इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असतो, त्यामुळे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो वाचूच शकत नाही. तोच अंक युनिकोडमध्ये जुळवला तर दृष्टिहीन विद्यार्थी आपल्या मोबाइलवर तो ऐकू शकतो, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. ज्यांना वाचन जड जाते त्यांच्यासाठी लेखकांनीच आपला मजकूर आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करणे हा दुसरा मार्ग. गोरमाटी आणि कोलामीच्या बाबतीत तर तोच पहिला मार्ग ठरावा.

छपाईच्या खर्चाची सबब सांगण्यासारखी उरलेली नाही. जगभरच्या तरुणांत झाइन नावाचा एक प्रकार रूढ आहे, ज्यात ए-फोर आकाराचा एकच कागद तीन वेळा घडी घालून आठ चौकोनांत विभागतात, मधोमध एक छेद देतात आणि पुन्हा दुमडून आठ पानांची चिमुकली पुस्तिका करतात. मूळ प्रत हाताने लिहायची-रंगवायची आणि बाकीच्या झेरॉक्स काढायच्या. शाळेच्या हस्तलिखिताचेच हे धाकटे भावंड आहे. खिशात मावते, कोणी आले की वहीत दडवता येते, आणि तांड्यावरून पोडावर कोणाच्याही हाती पाठवता येते.

एवढे सगळे करूनही नियतकालिक हे दारच असते, दवाखाना नव्हे. दारापलीकडे कोणी नसेल तर ते उघडण्यात अर्थ नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' प्रकल्पाचा अनुभव या दृष्टीने मोलाचा आहे. गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लहान लहान बैठकांतून मनाच्या आजारांविषयी बोलायला सुरुवात केली आणि उपचारांची सोय जवळ आणली, तेव्हा नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. बोलणे आणि सोय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, हे त्यातील मर्म. राज्य शासनाने २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सुरू केलेला प्रेरणा प्रकल्प यवतमाळातही आला, आणि किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांतून 'मैत्री क्लिनिक' आहेत. पण मैत्री क्लिनिक कोणत्या खोलीत आहे, तेथे कोण भेटते, केसपेपर कोठे काढायचा आणि घरी कळते का, हे तरुणांच्या भाषेत कोणी लिहिलेले नाही. एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः जाऊन, पाहून हे दोन पानांत लिहिले तर ते दहा कवितांहून अधिक उपयोगी पडेल. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतूनही चोवीस तास विनाशुल्क बोलता येते, आणि हा क्रमांक अंकाच्या मलपृष्ठावर, प्राचार्यांच्या छायाचित्राच्या आकाराचा, छापायला कोणाची हरकत असू नये.

वार्षिकांकासाठी साहित्य मागवणाऱ्या सूचना दरवर्षी फलकावर लागतात आणि तेच चार-दोन विद्यार्थी तेच साहित्य देतात. या अंकाचा खर्च पुष्कळ महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच भागतो, तेव्हा अंक त्यांचा आहे, संस्थेच्या समारंभांचा नाही. यंदा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी आपापल्या संपादक मंडळाकडे स्वास्थ्यासाठी आठ पाने लेखी अर्ज करून मागावीत, त्यांत वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, गोंडी चालेल असे सूचनेतच छापून घ्यावे, आणि मंडळाने नकार दिला तर एक ए-फोर कागद आणून स्वतःचा अंक काढावा.